ड्रुसिला टॅन्डीची हातोडी

मित्रांनो, भिंतीत खिळे ठोकायच्या हातोड्या तुम्ही पाहिल्या असतील. मी त्या जातीची नाही. मी मठारायची हातोडी आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. चांदीच्या किंवा तांब्याच्या पत्र्याला आधी दांडग्या हातोड्या बडवून बडवून वाटीचा, पेल्याचा, किटलीचा आकार देतात. ते झाले की भांडे देवीच्या वणांनी भरलेल्या चेहऱ्यासारखे दिसते. मग माझी पाळी येते. मी हलक्या हाताने, एका ठोक्याला खेटून दुसरा ठोका अशी बसत जाते आणि भांड्याचे अंग नितळ करते. त्यासाठी माझे तोंड आरशासारखे लख्ख असावे लागते. त्यावर केसाएवढा ओरखडा असला तरी तो प्रत्येक ठोक्यासरशी चांदीवर उमटतो. मला काही लपवता येत नाही.

मला स्वस्थही बसता येत नाही. खुंटीवर टांगून ठेवले की माझा दांडा आंबून जातो. खाली कुणी पत्रा कापत असले, कुणी ऐरण पुसत असले, की मला वाटते, आता उचलतील, आता उचलतील. हा स्वभाव मला कुणी दिला ते ठाऊक नाही. पण जिच्या हातात माझे आयुष्य गेले, ती माझ्यापेक्षाही अस्वस्थ होती.

माझे पोलाद शेफील्डचे. तिथल्या भट्टीत मला लाल करून तेलात बुडवले, घासून घासून माझ्या तोंडाला किंचित फुगीर आकार दिला, आणि अॅश झाडाच्या लाकडाचा दांडा बसवला. बर्मिंगहॅमच्या ईनॉक टॅन्डीने मला विकत घेतले. तो तांब्याच्या किटल्या करत असे. घरामागच्या पत्र्याच्या खोपटात त्याची ऐरण होती. त्याच्या किटल्यांची अंगे इतकी सारखी असत की त्यांत दाढी करताना चेहरा पाहावा. सकाळपासून अंधार पडेपर्यंत मी किटल्यांवर नाचत असे. मी सुखात होते.

ईनॉकचे कान मात्र त्या सुखात गेले. वर्षानुवर्षे तांबे कानाशी वाजले, की कान हळूहळू मिटून जातात. त्या गल्लीतले अर्धे पुरुष असेच होते. त्याची बायको मर्सी शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांच्याकडे मीठ मागायचं म्हणजे सगळ्या गल्लीला कळतं, टॅन्डींचं कालवण आज अळणी आहे." शेजारणी हसायच्या. मर्सीही हसायची. मग घरात येऊन ती नवऱ्यासमोर बसायची, आणि दोघे मुकाट्याने जेवायचे.

ड्रुसिला ही त्यांची धाकटी मुलगी. तिला एका जागी बसणे माहीत नव्हते. प्रार्थनेला गेली तरी बाकाचा खिळा हलवत बसायची आणि आईचा चिमटा खायची. मोठी झाल्यावर ती पेनांच्या निबांच्या कारखान्यात लागली. तिथे शेकडो मुली यंत्रांपुढे रांगेने बसत. दांडा ओढायचा, निब पडते. दांडा ओढायचा, निब पडते. बोलायला बंदी होती. संध्याकाळी भोंगा झाला की ड्रुसिला तिथून बाण सुटावा तशी सुटायची आणि शहराच्या कलाशाळेत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसायची. तिथे चांदीकाम आणि दागिने घडवायला शिकवत, आणि मुलींनाही घेत.

एके दिवशी तिने बापासमोर मला खुंटीवरून काढले.

"बाबा, ही मला द्या."

ईनॉक ओठ पाहून बोलणे ओळखायचा. त्याने ओळखले, पण ओळखले नाही असे दाखवले. "काय?"

"ही. हातोडी."

"पोरीच्या जातीनं पलंगपोस मागावा, कपबश्या मागाव्या. हिनं माझे कान खाल्लेत. आता तुझेही वाढू का ताटात?"

"मी कापूस घालीन कानात."

"मीसुद्धा घालणारच होतो," ईनॉक म्हणाला.

त्याने मला परत टांगले. पण त्याच सुमारास कारखान्यांत यंत्रावर ठोकलेल्या किटल्या निघू लागल्या आणि त्याच्याकडचे काम आटत गेले. एका रविवारी त्याने माझा जुना दांडा काढला आणि नवा बसवला. तो आखूड होता, आणि बारीक. त्याच्या रुंद मुठीत तो मावेना. त्यावरून मी ओळखले की तो कुणासाठी आहे. ड्रुसिलाला बोलावून त्याने मला तिच्या हातात दिले आणि तो कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेला.

कलाशाळेत पहिल्याच वर्षी ड्रुसिलाला बक्षीस मिळाले. तिने चांदीचा चमचा केला होता. दांड्याच्या टोकाला हॉथॉर्न या काटेरी झुडपाची डहाळी होती. तिला सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्र आणि एक जाड पुस्तक मिळाले. मर्सीने शेजारी बोलावून पाइकलेट, म्हणजे छोटे जाड घावन, भाजले, त्यांवर लोणी थापले. ड्रुसिला खिडकीशी चमचा फिरवत उभी होती. दुसऱ्या दिवशी तिने तो मुशीत टाकून वितळवला.

गुरुजी हादरले. "बक्षीस मिळालेला चमचा वितळवलास? अगं, का?"

"बक्षीस मिळालं म्हणून काय झालं, सर. त्याची मान वाकडीच होती."

मित्रांनो, पुढे तिला पुष्कळ मानसन्मान मिळाले. पण ही खोड गेली नाही. सन्मान मिळाला की तिला झोप लागायची नाही. लोक टाळ्या वाजवत असताना ती आपल्याच वस्तूत उणे शोधत असायची.

वर्गाच्या प्रदर्शनात ह्युबर्ट गॅस्कॉइन नावाचे गृहस्थ आले होते. यंत्रांनी माणसाचा हात मुका केला आहे, तो पुन्हा बोलता करायचा, या ध्यासाने त्यांनी डोंगराळ मुलुखातल्या एका खेड्यात कार्यशाळा काढली होती. चांदीकाम, सुतारकाम, छपाई, सगळे तिथे हाताने चाले. माणूस सरळ होता. बोलायचा मात्र नेहमी व्यासपीठावरून बोलल्यासारखा. त्यांनी ड्रुसिलाला नेले. तिच्याबरोबर मीही फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून गेले.

तिथे आम्ही पट्ट्यांची बक्कले केली, मेणबत्तीची घरे केली, गळ्यातले दागिने केले. दागिन्यांत हिरे-माणके नसत. चंद्रकांत, फिरोजा, शिंपल्याचे तुकडे अशी साधी रत्ने असत. खडा किती महाग आहे यापेक्षा तो कोंदणात कसा बसला आहे, हे पाहायचे, असे ते दिवस होते. ड्रुसिलाने चंद्रकांतमण्यांचा एक हार केला. ढगाआडून चंद्र दिसावा तसे खडे चांदीच्या पानांआडून दिसत. तो हार समुद्रापलीकडे एका मोठ्या प्रदर्शनात गेला आणि काशाचे पदक घेऊन आला.

पदक जेवणाच्या खोलीत टांगले गेले. त्यावर कार्यशाळेचे नाव कोरलेले होते. सगळे जेवायला बसले असताना ड्रुसिला उठून पदकाजवळ गेली. तिने ते पुढून वाचले, उलटून मागून वाचले.

"साहेब, यावर माझं नाव नाही."

"मिस टॅन्डी," गॅस्कॉइन समजावणीच्या सुरात म्हणाले, "जुनी चर्चं ज्यांनी बांधली, त्यांनी कुठल्या दगडावर आपली नावं कोरली? काम सगळ्यांचं असतं."

"त्यांना नाव विचारायला कुणी गेलं नसेल. मी तर इथं तुमच्यासमोर उभी आहे."

"इथं कुणाचंच नाव नसतं. माझंही नसतं."

"तुमचं दारावर आहे ना, साहेब."

कुणीतरी सूप पिता पिता ठसकले. गॅस्कॉइन लाल झाले. ड्रुसिलाला तिथे जेवण गेले नाही. त्या आठवड्यात लोकर नेणाऱ्या गाडीत बसून आम्ही बर्मिंगहॅमला परतलो.

आता तिला नाव हवे होते. स्वतःचे, एकटीचे. एका बटणे बनवणाऱ्याच्या दुकानावरची खोली तिने भाड्याने घेतली. चांदीवर उमटवायचा छाप सरकारदरबारी नोंदवला, त्यात तिच्या नावाची दोन अक्षरे होती. पहिल्यांदा तो छाप एका साध्या मीठदाणीखाली उमटला, तेव्हा ती बोटाने ती अक्षरे चाचपत राहिली.

शेजारच्या खोलीत लेटिस ऑर्म राहायची. ती एका खेड्यातल्या पाद्र्याची मुलगी. मीनाकाम करायची. काचेची रंगीत पूड पाण्यात कालवायची, पिसाच्या टोकाने चांदीवर पसरायची, छोट्या भट्टीत घालायची आणि मग हाताची घडी घालून वाट पाहायची. वाट पाहणे हेच तिचे निम्मे काम होते. ड्रुसिला जिना दोन-दोन पायऱ्या एकदम चढायची. लेटिस मधल्या पायरीवर थांबून खिडकीबाहेर पाहायची.

"तुमची ठोकाठोक सकाळी जरा उशिरा सुरू झाली तर बरं," पहिल्या भेटीत लेटिस म्हणाली. "माझी पूड थरथरते."

"आणि तुमच्या भट्टीचा धूर माझ्या खोलीत येतो."

"मग मधलं दार काढून टाकू. धूर आणि आवाज, दोन्ही वाटून घेऊ."

ते दार काढले गेले आणि पुन्हा कधी लागले नाही. ड्रुसिला घडवायची, लेटिस रंग भरायची. पेले, हार, दागिन्यांच्या पेट्या. एका प्रदर्शनात रौप्यपदक मिळाले, दुसऱ्यात सन्मानपत्र. वर्तमानपत्रांत मिस टॅन्डीचे नाव येऊ लागले. मीनाकामाखाली लेटिसचे नाव कधी छापून येई, कधी नाही. लेटिस त्यावर बोलत नसे. एवढेच म्हणायची, "मला रंग साधला की मी जेवायला मोकळी. तुझं तसं नाही बाई. तू जेवतानासुद्धा काट्याचं वजन करतेस."

ते खरे होते. ड्रुसिला पदके खिळ्यांच्या डब्यात टाकायची आणि दुसऱ्याच दिवशी नवा पत्रा कापायला घ्यायची. मला विश्रांती नव्हती, आणि मला ती नकोच होती. बाहेर एक युद्ध आले आणि गेले. खालचा बटणवाला म्हातारा होऊन वारला, त्याच्या मुलाने दुकान चालवले. आमची ठोकाठोक सुरूच राहिली. मी चांदीवर पडायची, चांदी ऐरणीवर गायची.

मित्रांनो, हे गाणे आमच्या कामात फार महत्त्वाचे असते. चांदी ऐरणीला नीट टेकलेली असेल तर माझा ठोका भरीव वाजतो. मध्ये पोकळी राहिली असेल तर तो भद्द वाजतो, आणि तिथे पत्रा खोल जातो. हाताला समजण्याआधी ते कानाला समजते. कारागीर डोळ्यांनी जेवढे काम करतो, तेवढेच कानांनी करतो.

ड्रुसिलाचे ठोके चुकू लागले.

आधी लेटिसला वाटले, ही रुसली आहे. चहा झाला म्हणून हाक मारली तरी उत्तर येत नसे. "तीनदा हाका मारल्या. तोंडात काय मिठाची गुळणी धरलीयस?" लेटिस दारात येऊन म्हणायची, आणि ड्रुसिला वळून विचारायची, "केव्हा मारलीस?" ती मोठमोठ्याने बोलू लागली. दुकानात आलेली गिऱ्हाइके दचकायची. कारखान्याचा भोंगा झाला तरी तिला पत्ता नसायचा. एका पेल्याच्या अंगात खळगा पडला, मग दुसऱ्याच्या. ती पेले फेकून द्यायची आणि ऐरणीला, उजेडाला, मला, सगळ्यांना दोष द्यायची.

लेटिसने तिला धरून डॉक्टरकडे नेले. डॉक्टरांनी तिच्या कानाशी घड्याळ धरले, घंटी वाजवली. मग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवले: हातोडी सोडली, तर उरलेले ऐकणे टिकेल. सोडली नाही, तर तेही जाईल.

परतताना ड्रुसिला लेटिसच्या चार पावले पुढे चालली. ती ईनॉक टॅन्डीची मुलगी होती. न ऐकणाऱ्या माणसाच्या घरात कसा शुकशुकाट असतो, हे तिला कुणी सांगायला नको होते. खोलीत आल्यावर तिने मला खुंटीवर टांगले आणि ती माझ्याकडे पाठ करून बसली. बरेच दिवस गेले. ती दागिन्यांचे काम करायची. तारा वळवायची, खडे बसवायची, कानस चालवायची. त्यात फारसा आवाज नव्हता. पण तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत असे. मी वरून पाहत होते.  तिने मला उचलावे असे मला वाटे, आणि उचलू नये असेही वाटे.

अशा वेळी शहराच्या सभागृहासाठी चांदीचे मोठे पात्र करायचे काम आले. दोन माणसांनी उचलावे एवढे पात्र, काठावर हॉथॉर्नच्या फुलांचे मीनाकाम. तसे काम कारागिराच्या आयुष्यात एखादेच येते. ते कारागिरांच्या मंडळाच्या मोठ्या प्रदर्शनातही मांडले जाणार होते. ड्रुसिलाने लेटिसला न विचारता होकार दिला.

पात्राचा आकार दांडग्या हातोड्यांनी उभा राहिला.  मठारायची वेळ आली, त्या सकाळी ड्रुसिलाने खुंटीकडे हात नेला, आणि मी तिथे नव्हते.

लेटिसने मला मागच्या धुण्याच्या खोलीत, कपडे उकळायच्या भांड्यामागे कोंबले होते. तिथे कायम ओल असे. वाफ माझ्या तोंडावर बसायची आणि थेंब होऊन ओघळायची. बाहेर कपाटे उघडल्याचे, खोकी ओढल्याचे आवाज यायचे. ड्रुसिला मला शोधत होती. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती. पण ती तिला ऐकू तरी गेली असती का? लख्ख तोंडावर गंज चढताना काय वाटते, ते मी तुम्हाला कसे सांगू? अंगावर मुंग्या चढाव्यात आणि हात बांधलेले असावेत, तसे.

काही दिवसांनी ड्रुसिलाने दुसरी हातोडी विकत आणली. तिचा पहिला ठोका मी भिंतीपलीकडून ऐकला. लगेच लेटिसची पावले वाजली. तिने मला बाहेर ओढले आणि नेऊन ऐरणीवर ठेवले.

ड्रुसिलाने गंज पाहिला.  "तू?"

लेटिस तिच्या समोर आली, म्हणजे ओठ दिसतील. "हो, मी. मला वाटलं, ही नसली तर तू थांबशील. पण तू दुसरी आणलीस. ती लपवली तर तिसरी आणशील. तुझे कान जायचेच असतील, तर निदान जुन्या ओळखीच्या हातोडीनं जाऊ देत."

"तुझ्याच मीनाकामाचं पात्र आहे हे. ते अडकवून ठेवलंस?"

"चुलीत गेलं पात्र. मला तुझ्याशी बोलायचंय. म्हातारपणी बोलायचंय. तू एकटी बहिरी होणार नाहीस, ड्रू. तू बहिरी झालीस की मी मुकी होणार. त्याचा विचार केलायस?"

ड्रुसिलाने हे सगळे ओठांवरून वाचले. ती स्टुलावर बसली. त्यानंतर तिने काय केले असेल? एमरीचा कागद घेतला आणि माझे तोंड घासायला लागली. लेटिसने दुसरा तुकडा घेतला आणि माझी मागची बाजू घासायला घेतली. दोघी घासत होत्या, आणि मध्येच कुणीतरी नाक ओढत होते.

गंज गेला. पण माझ्या तोंडाच्या कडेला एक बारीक खड्डा राहिला, टाचणीच्या टोकाएवढा. तो घालवायचा तर माझा फुगीरपणाच झिजला असता. लेटिस कानकोंडी झाली. "आता प्रत्येक ठोक्याला डाग उमटणार."

"उमटू दे," ड्रुसिला म्हणाली. "तुझी सही समजू."

मग दोघींनी आपसांत ठरवले. काम फक्त सकाळी करायचे. मेणात भिजवलेला कापूस कानांत घालायचा, तो लेटिस स्वतः घालणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, ऐकायचे लेटिसने. ती ऐरणीच्या पलीकडे खुर्ची टाकून बसू लागली. ठोका भरीव वाजला की स्वस्थ राहायची. भद्द वाजला की बोट वर करायची. ड्रुसिला थांबायची, पात्र किंचित फिरवायची, पुन्हा ठोकायची. सुरुवातीला लेटिसला कळत नसे, ती उगाचच बोट वर करायची.

"हे काय, प्रत्येक ठोक्याला बोट? वर्गात उत्तर येतंय का तुला?" ड्रुसिला ओरडायची.

"तूच नीट वाजव ना!"

हळूहळू लेटिसचा कान तयार झाला. नंतर ती बोट उचलण्याच्या आधीच, नुसत्या तिच्या भुवईवरून ड्रुसिला ओळखू लागली. मित्रांनो, मी इतकी वर्षे एका हाताची हातोडी होते. त्या हिवाळ्यात मी दोघींची झाले. पात्राच्या अंगावर माझ्या खड्ड्याचे ठसे उमटले, खसखशीच्या दाण्यांसारखे. उजेड पडला की ते लुकलुकायचे. त्यावर लेटिसची पांढरी फुले बसली.

प्रदर्शनात त्या पात्राला सुवर्णपदक जाहीर झाले. समारंभ लंडनच्या एका उंच छताच्या दालनात होता. ड्रुसिला मला हातपिशवीत घालून घेऊन गेली. लपवाछपवी झाल्यापासून ती मला नजरेआड होऊ देत नसे. मंडळाचे अध्यक्ष होते ह्युबर्ट गॅस्कॉइन. त्यांचे केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता.

"मिस ड्रुसिला टॅन्डी," त्यांनी पुकारले.

ड्रुसिला छताला टांगलेल्या दिव्याचे सांधे पाहत होती. त्यांनी पुन्हा पुकारले. लोक माना वळवू लागले. मागच्या रांगेत एक बाई कुजबुजली, "जुना राग आहे म्हणे. त्यांच्या हातून घ्यायचं नसेल." गॅस्कॉइन यांचा चेहरा पडला. मग लेटिसने कोपराने ढोसले. ड्रुसिला उठली, आणि उठताना तिने लेटिसचे मनगट धरले. लेटिस हात सोडवत होती, पण चांदी ठोकणारी मूठ ती, सुटते थोडीच? दोघी मंचावर जाऊन उभ्या राहिल्या.

"मिस टॅन्डी, पदक एकाच नावाचं आहे," गॅस्कॉइन हळूच म्हणाले.

"हो, हवा गारच आहे आज," ड्रुसिला दालनभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

लोक हसले. तिने खरोखरच चुकीचे ऐकले होते की मुद्दाम, ते मला अजून समजलेले नाही. पण ती जागची हलली नाही, आणि लेटिसचे मनगटही तिने सोडले नाही. गॅस्कॉइन तिच्याकडे पाहत राहिले. जेवणाच्या खोलीतला तो दिवस त्यांनाही आठवला असावा. मग ते लेटिसकडे वळले, त्यांनी तिचे नाव विचारले, आणि खणखणीत आवाजात दोन्ही नावे पुकारली. टाळ्या ड्रुसिलाला ऐकू आल्या नाहीत. मंचाच्या फळ्या थरथरल्या, तेवढ्या तिला तळपायांना समजल्या.

त्या वेळी मात्र तिने पदक खिळ्यांच्या डब्यात टाकले नाही. लेटिस ते मुरंब्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवायची, आणि आल्यागेल्याला बरणीसकट दाखवायची.

डॉक्टर म्हणाले होते तसेच झाले. ड्रुसिलाचे कान पुरते गेले. पुढे तिचे हातही थकले. मी हलकी, तरी मला पेलताना तिचे मनगट कापायचे. ती खिडकीशी टेबलावर तळवे टेकून बसायची, आणि तरीही पाय हलवायची. तेव्हा लेटिसने एक युक्ती काढली. जेवण झाले की ती मला उचलायची आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकावर दोन ठोके द्यायची. लाकडातून ते ड्रुसिलाच्या तळव्यांपर्यंत जायचे. ती वळून हसायची. दोन ठोके म्हणजे जेवण. तीन म्हणजे कुणीतरी आले आहे. एक हलकासा ठोका म्हणजे काही काम नाही, उगाच. दिवसाकाठी सगळ्यात जास्त वेळा तो उगाचचाच ठोका पडायचा.

जन्मभर मी चांदीसाठी वाजले. त्या वर्षांत मी माणसासाठी वाजले. माझा आवाज तिला ऐकू येत नव्हता, पण तिच्यापर्यंत पोचत होता.

आधी ड्रुसिला गेली. लेटिस आपल्या भाचीकडे राहायला गेली, आणि आमचे सामान खोक्यांत भरले गेले. मग मी कुठे कुठे गेले ते विचारू नका. एका तळघरात पडून राहिले. एकाने माझ्या दांड्याने रंगाचा डबा ढवळला. एकाने मला घेऊन खिडकीत खिळे ठोकले. ज्या तोंडाने मी चंद्रकांतमण्यांच्या हाराची पाने नितळ केली, त्यावर खिळ्यांचे घाव पडले. मी गंजले. शेवटी एका जुन्या बाजारातून मला एका शिक्षिकेने उचलले. आता मी पुन्हा संध्याकाळच्या वर्गात आहे. मुलामुलींनी माझे तोंड घासून लख्ख केले. खिळ्यांचे घाव गेले. लेटिसचा खड्डा मात्र त्यांनी राहू दिला. तो ठसा त्यांना आवडतो. तो कुणाचा आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

ही मुले ठोकायला बसली की कानांवर जाड टोप्या चढवतात. न चढवणाऱ्याला शिक्षिका उठवते. ते पाहून मला बरे वाटते. ईनॉकच्या त्या खोपटात अशी एखादी टोपी असायला हवी होती, असेही मनात येते. अजूनही खुंटीवर टांगले की माझा दांडा आंबतो. तो स्वभाव काही जात नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, गल्लीत, शेजारी कुणी ना कुणी तरी काही घडवत असेल. त्याच्या हत्याराने रंगाचे डबे ढवळू नका, आणि काम झाले की ते कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. पण हत्यारांपेक्षा ती चालवणाऱ्यांना जपा. काम माणसाचे काय काय घेऊन जाते, ते त्या माणसाला कधी कधी सर्वांत शेवटी कळते. म्हणून अधूनमधून त्याला हाक मारून पाहा. ओ आली नाही, तर रागावू नका. जवळ जा.